ऊसतोड मजुरांवरच्या परदेशी संशोधनाचा करार कसा तपासायचा?

कृष्णाकाठ (सांगली):
जिल्ह्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयाचा इंग्लंडमधल्या विद्यापीठाशी करार झालाय. गळीत हंगामात कोप्यांवर (मजुरांच्या झोपड्यांवर) जाऊन मजुरांचं रक्त-लघवी घेणार, विषय उन्हाचा मूत्रपिंडावर होणारा परिणाम. संमतीचे अंगठे मुकादम (मजुरांची टोळी आणणारा ठेकेदार) गोळा करून देणार म्हणे. करार मागितला तर ‘गोपनीय’ आहे म्हणतात. जाब कुणाला विचारायचा?

माहितीवाला:
माहिती अधिकारात नुसता ‘करार’ मागू नका. दोन पानांचा सामंजस्य करार हातात येईल, त्यात ‘परस्पर सहकार्य’ सोडून काही नसतं. प्रकल्पाचा स्वतंत्र करार, नमुने परदेशी पाठवण्याचा करार, नीतिसमितीचं (माणसांवरचं संशोधन योग्य आहे का हे तपासणारी समिती) मंजुरीपत्र व इतिवृत्त आणि मराठी संमतीपत्र अशी नावं घालून मागा. अर्ज एकाच विषयाचा, १५० शब्दांच्या आत, वर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. उत्तराला ३० दिवस. व्यापारी गुपिताचं कारण पुढे केलं तर पहिल्या अपिलात कलम १० लावा: गुपित तेवढं झाका, बाकीचं द्या.

फड आणि फाइल:
मुकादमाचा मुद्दा आधी धरा, बाकी कागद नंतर. मजुराने त्याच्याकडून उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते. तो समोर उभा असताना ‘नाही’ कोण म्हणेल? आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार निरक्षर माणसाच्या संमतीला निःपक्ष, साक्षर साक्षीदार लागतो. मुकादम त्यात बसत नाही. खम्मम आणि वडोदऱ्यात २००९-१० मध्ये एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धच्या) लशीच्या प्रकल्पात असंच झालं, खम्ममला तर मुलींच्या कित्येक संमतीपत्रांवर वसतिगृहाच्या वॉर्डनच्या आणि मुख्याध्यापकांच्या सह्या. २०१३ मध्ये संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले.
इतिवृत्तात दोन गोष्टी बघा: अध्यक्ष संस्थेबाहेरचा आहे का, आणि बैठकीला बाहेरचा एक तरी सदस्य हजर होता का. आरोग्य संशोधनात परदेशी भागीदार असला की आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरीही लागते. ती नसेल तर तक्रार थेट आयसीएमआरकडे.

लांबचा_अर्ज:
इंग्लंडचं विद्यापीठ म्हणजे अर्धं काम घरबसल्या. तिथल्या २००० च्या माहिती कायद्याखाली जगातला कुणीही ई-मेलने अर्ज करू शकतो. फी सहसा नाही, नाव मात्र खरं हवं. मुदत कामाचे २० दिवस. मागणी आटोपशीर ठेवा. माहिती शोधायला १८ तासांहून जास्त लागणार असतील तर विद्यापीठ नकार देऊ शकतं. ‘भागीदाराची पूर्वतपासणी’ (करारापूर्वी त्यांनी इथल्या महाविद्यालयाची केलेली पडताळणी) आणि नीतिसमितीला दिलेला मूळ अर्ज मागा. इथल्या संमतीपत्राशी तो ताडून पाहिला की तफावत लगेच दिसते, विशेषतः नमुने किती वर्षं ठेवणार आणि पुढे दुसऱ्या संशोधनाला वापरणार का, या दोन ओळींत. अमेरिकेतल्या खासगी विद्यापीठांना तिथला असा कायदा लागू नाही. तिथे त्यांच्या नीतिसमितीलाच लिहावं लागतं.

कृष्णाकाठ:
विनाअनुदानित असतं तर?

माहितीवाला:
मग माहिती अधिकार महाविद्यालयाला थेट लागू होईलच असं नाही. ते ज्याला संलग्न आहे त्या विद्यापीठाकडे अर्ज करा. कायद्याने जी माहिती ते महाविद्यालयाकडून मागवू शकतं, ती कलम २ मधल्या ‘माहिती’च्या व्याख्येत येते. सांगली-साताऱ्यात बहुतेक वेळा ते शिवाजी विद्यापीठ. वैद्यकीय असेल तर नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ. कॉलेज अभिमत, म्हणजे स्वतःच विद्यापीठाचा दर्जा असलेलं, असेल तर हा रस्ता बंद.