शब्दचर्चा : धर्मग्रामाच्या मानपत्रातील 'आभार', 'नेतृत्व' आणि 'श्रद्धा'

प्रश्न

मुंबईच्या पश्चिम उपनगरातील आमच्या धर्मग्रामाचे (पॅरिशचे, म्हणजे एका चर्चभोवतीच्या कॅथलिक समाजाचे) प्रमुख धर्मगुरू बदली होऊन जात आहेत. निरोपाच्या मिस्सेनंतर (चर्चमधील मुख्य उपासनाविधीनंतर) वाचायच्या मानपत्राचा मराठी मजकूर लिहिण्याचे काम माझ्याकडे आले असून, पहिल्या मसुद्यात मी 'आपल्या श्रद्धापूर्ण नेतृत्वाबद्दल आम्ही आपले आभार मानतो' असे वाक्य लिहिले होते. आमच्या गावठाणातील एका वयस्कर मावशींनी त्यावर दोन हरकती घेतल्या. 'नेतृत्व' हा शब्द त्यांना निवडणुकीच्या फलकावरचा वाटतो. शिवाय, देवाने फादरांच्या हातून जे करून घेतले त्याचे सगळे आभार एकट्या फादरांना कसे द्यायचे, असे त्यांचे म्हणणे आहे. 'उपकारस्तुती' लिहा, असे त्या सुचवतात. या शब्दांमधला भेद जाणकारांनी उलगडून सांगावा, ही विनंती.

उत्तर

मावशींची दुसरी हरकत मला अगदी योग्य वाटते, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो.

'आभार' या शब्दात 'भार' आहे. ज्याचे आपण आभारी असतो, त्याच्या उपकाराचे ओझे आपण मान्य करतो, आणि मराठीत हे ओझे बहुधा माणसामाणसांतले असते. 'कृतज्ञता' म्हणजे केलेले जाणणे. तिच्यात ओझ्यापेक्षा आठवण अधिक आहे, आणि ती माणसाविषयीही असते, देवाविषयीही. 'उपकारस्तुती' मात्र ख्रिस्ती मराठीने घडवलेला आणि पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतरांतून रुळलेला शब्द आहे. त्यात उपकार कोणाचे हे सांगावे लागत नाही, कारण स्तुती देवाचीच असते. म्हणून 'फादरांची उपकारस्तुती' असे लिहिले, तर ख्रिस्ती कानाला ते खटकेल. फादरांचे आभार किंवा ऋण मानावे आणि फादरांबद्दल देवाची उपकारस्तुती करावी, अशी दोन क्रियापदे एकाच वाक्यात सहज नांदू शकतात.

हा भेद केवळ व्याकरणाचा नाही. ज्या विधीनंतर हे मानपत्र वाचले जाणार आहे, त्याचे जुने ग्रीक नाव 'एउखारिस्तिया' असून त्याचा अर्थच उपकारस्तुती असा आहे. त्या शब्दाच्या पोटात 'खारिस' म्हणजे कृपा आहे. लॅटिनमध्येही 'ग्रातिया' या एकाच शब्दाने कृपा आणि आभार दोन्ही सांगितले जातात. आपल्याला मिळालेली कृपा आणि आपण परत दिलेली कृतज्ञता या दोन वेगळ्या वस्तू नाहीत, असे त्या भाषांनी मानले. मराठीत 'कृपा' आणि 'कृतज्ञता' दिसायला बहिणी वाटल्या, तरी त्यांचे धातू वेगळे आहेत. तेव्हा ग्रीक शब्दातला तो धागा मराठीत राखायचा असेल, तर 'उपकारस्तुती'इतका जवळचा शब्द मला दुसरा दिसत नाही.

आता 'नेतृत्व'. 'नी' म्हणजे नेणे, आणि नेता म्हणजे नेणारा. शब्दात दोष नाही, वापराने त्याला पुढारीपणाचा वास लागला आहे. चर्चच्या स्वतःच्या शब्दांकडे पाहिले, तर ते वेगळ्याच दिशेने जातात. 'पास्तोर' म्हणजे मेंढपाळ. 'मिनिस्तेर' म्हणजे सेवक. पोपच्या पदव्यांमध्ये 'देवाच्या सेवकांचा सेवक' अशी एक पदवी आहे आणि ती थोर ग्रेगरी या पोपने सहाव्या शतकाच्या अखेरीस वापरात आणली. 1983 च्या कॅनन कायद्यात, म्हणजे कॅथलिक चर्चच्या स्वतःच्या कायद्यात, धर्मग्रामाच्या धर्मगुरूची कामे शिकवणे, पवित्र करणे आणि शासन करणे या क्रमाने येतात, आणि ती प्रापंचिकांच्या, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या सामान्य श्रद्धावंतांच्या, साहाय्याने पार पाडावीत, असेही तेथेच म्हटले आहे. शासन तिसरे येते, हे मला महत्त्वाचे वाटते. मराठीत यासाठी 'धुरा' हा चांगला शब्द आहे. धुरा बैलाच्या मानेवर असते, आणि ती धरण्यापेक्षा वाहिली जाते.

मुंबईतच घडलेल्या वापराचा एक दाखलाही द्यावासा वाटतो. आपल्याकडे धर्मग्रामाचे जे छोटे ख्रिस्ती समूह आहेत, त्यांचे काम पाहणाऱ्याला 'अ‍ॅनिमेटर' म्हणतात. लॅटिन 'आनिमा' म्हणजे श्वास, प्राण. चाळीतल्या दहा-पंधरा घरांना प्रार्थनेसाठी एकत्र आणणाऱ्या बाईला 'नेता' न म्हणता प्राण फुंकणारी म्हणावे, ही जाण त्या शब्दात आहे. रोजच्या वापरात ती कोणाच्या लक्षात येत नाही, हे खरे.

'श्रद्धापूर्ण' मात्र जरूर ठेवा. मराठी बायबलने बहुधा 'विश्वास' हा शब्द निवडला आहे. तो 'श्वस्' धातूचा, म्हणजे ज्याच्याजवळ निर्धास्तपणे श्वास घेता येतो त्याच्याविषयीचा भाव. 'श्रद्धा' त्याहून जुनी आहे, कारण ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात तिच्यावर स्वतंत्र सूक्त आहे. 'श्रत्' आणि 'धा' मिळून तो शब्द होतो, आणि 'श्रत्'चा संबंध बहुतेक अभ्यासक हृदयाशी लावतात. हृदय ठेवणे असा त्याचा अर्थ होतो. रविवारच्या मिस्सेतील विश्वासाच्या घोषणेचा पहिला लॅटिन शब्द 'क्रेदो' आहे, आणि भाषाशास्त्राच्या दृष्टीने तो याच मुळाचा आहे. आपल्या मराठीतला 'श्रद्धा' आणि रोमचा 'क्रेदो' हे इतके जवळचे भाऊबंद आहेत, हे मला प्रथम कळले तेव्हा झालेला आनंद अजून आठवतो.

पूरक

वरील उत्तरात माझीही थोडी भर, 'धर्मग्राम' या शब्दाविषयी. त्याचे ग्रीक मूळ 'पारोइकिया' असून त्याचा अर्थ परक्या ठिकाणी उपरा म्हणून राहणे असा आहे. आपण त्यासाठी 'ग्राम' घेतला. वांद्र्याच्या किंवा गिरगावच्या मूळच्या ईस्ट इंडियन (मुंबई परिसरातील स्थानिक ख्रिस्ती) कुटुंबांना तो शोभतो, कारण त्यांची वस्ती खरोखरच गाव होती आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ती आजही आगेरा हा सुगीचा सण साजरा करून भाताची पहिली कणसे देवळात, म्हणजे चर्चमध्ये, आशीर्वादासाठी नेतात. गोवा, मंगळूर, केरळ आणि तमिळनाडूहून आलेल्यांना मात्र ग्रीक शब्दच लागू पडतो. आपल्या मिस्सांना हे दोन्ही प्रकारचे लोक येतात. कोकणीत धर्मग्रामाला 'फिर्गज', श्रद्धेला 'भावार्थ' आणि आभारांना 'देव बरें करूं' म्हणतात. मावशींना हा शेवटचा शब्दप्रयोग नक्की आवडेल, कारण त्यात माणसाचे आभार मानतानाच परतफेड देवावर सोपवलेली आहे.

मूळ प्रश्नकर्त्याकडून

दोघांचेही मनापासून आभार. आता वाक्य असे केले आहे : 'आपण आमच्यामध्ये राहून श्रद्धेने सेवेची जी धुरा वाहिलीत, तिच्याबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत, आणि आपल्याला आमच्याकडे पाठवणाऱ्या परमेश्वराची उपकारस्तुती करतो.' मावशींनी ते दोनदा ऐकले. 'धुरा' त्यांना पटली. एकच दुरुस्ती त्यांनी सांगितली की इतक्या वर्षांत फादरांना कोणीही 'आपण' म्हटलेले नाही, तेव्हा निरोपाच्या दिवशीच ते का म्हणायचे? म्हणून आता सुरुवात 'फादर, तुम्ही आमच्यामध्ये राहून' अशी आहे.