मदत हवी आहे: डेकची (डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन, जुनी संगणक कंपनी) सीमॉस-४ आणि सीमॉस-५ ही चिप बनवायची प्रक्रिया डायवरून (पॅकेजमधल्या सिलिकॉनच्या तुकड्यावरून) कशी ओळखायची?

डेकच्या चिप-प्रक्रियांचा तक्ता करतोय. सीव्हॅक्स प्रोसेसर सीमॉस-१वर, सर्वांत बारीक रेषा २ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). रायजेल सीमॉस-२वर, १.५ मायक्रॉन; एनव्हॅक्स आणि १९९२चा अल्फा २१०६४ दोन्ही सीमॉस-४, ०.७५ मायक्रॉन, धातूचे ३ थर. २१०६४ए सीमॉस-५वर गेला: ०.५ मायक्रॉन, ४ थर, प्रत्येक कॅश (चिपवरची जलद स्मृती) ८ऐवजी १६ केबी.

अडचण अशी, की सिरॅमिक पॅकेजचं झाकण काढल्यावर वरच्या थरातल्या रुंद पट्ट्याच दिसतात, ट्रान्झिस्टरचे गेट, ज्यांची रुंदी मोजायची, ते त्यांच्याखाली दडलेले. १००एक्स लेन्सचीही धाव ०.३ मायक्रॉनपर्यंतच. थर उतरवायला हायड्रोफ्लोरिक आम्ल घरी नकोच, ते हाडापर्यंत जातं. मग कडेला तिरकं घासून थर मोजायचे, तर कोन किती अंशांचा आणि शेवटचं पॉलिश किती मायक्रॉनच्या हिरा-पेस्टने? पट्ट्यांचं मऊ अ‍ॅल्युमिनियम थरांमधल्या ऑक्साइडवर फासलं जातं आणि थरांच्या सीमा पुसट होतात, त्यावर काय करता?