शब्दचर्चा : ‘कंठकूप’ की ‘उरोस्थीची खाच’?

प्रश्न : गळ्याच्या तळाशी, दोन्ही जत्रुकास्थींच्या (गळ्याखालच्या आडव्या हाडांच्या) आतल्या टोकांमध्ये जो खोलगट भाग बोटाला सहज लागतो आणि ज्याला डॉक्टर ‘सुप्रास्टर्नल नॉच’ किंवा ‘ज्युगुलर नॉच’ म्हणतात, त्याला मराठीत काय म्हणावे? एका भाषांतरात तेथे ‘कंठमणी’ हा शब्द आढळला.

उत्तर : ‘कंठमणी’ चूकच आहे, तो स्वरयंत्राचा उंचवटा असून या जागेच्या बराच वर असतो. आपण विचारलेल्या ठिकाणी मात्र दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत : उरोस्थीच्या, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाच्या, वरच्या कडेची खाच आणि त्या खाचेवर दिसणारी मऊ खळगी. ‘नॉच’ म्हणजे खाच, त्यामुळे हाडाच्या कडेला ‘उरोस्थीची खाच’ आणि खळगीला ‘कंठकूप’ म्हणावे, असे मला वाटते.

हा भेद केवळ शब्दांचा नाही. अंतर मोजायचे असेल तर कडा लागते : मान पूर्ण मागे झुकवून हनुवटीपासून या खाचेपर्यंतचे अंतर सुमारे साडेबारा सेंटिमीटरांहून कमी भरले, तर भूल देताना श्वासनलिकेत नळी घालणे अवघड जाण्याची शक्यता भूलतज्ज्ञ लक्षात घेतात. श्वासनलिका चाचपायची असेल तर मात्र बोट खळगीत ठेवावे लागते. श्वासनलिका मध्यावर असायला हवी. फुप्फुसाचा भाग आकसला असेल तर ती त्याच बाजूला ओढली जाते, आणि छातीच्या एका बाजूला हवा किंवा पाणी दाबाने साठले असेल तर विरुद्ध बाजूला ढकलली जाते. श्वासमार्गात अडथळा आलेल्या लहान मुलात प्रत्येक श्वासाबरोबर हीच खळगी आत खेचली जाताना दिसते. ‘खाच आत गेली’ असे तेथे लिहिले, तर हाडच आत गेल्यासारखे वाटेल!

पृच्छा : ‘कंठकूप’ हा योगसूत्रांतला शब्द ना? तेथेही हीच जागा अभिप्रेत आहे का?

उत्तर : शब्द तोच आहे; योगसूत्रांच्या विभूतिपाद या तिसऱ्या भागात कंठकूपावरील संयमाने (एकाग्र ध्यानाने) भूक-तहान निवृत्त होते, असे म्हटले आहे. परंतु त्यावरील व्यासभाष्य या टीकेत जिभेखाली तंतू, त्याखाली कंठ आणि त्याखाली कूप असा क्रम दिला आहे, म्हणजे गणना तोंडाच्या आतून खाली येते. बाहेरून दिसणाऱ्या खळगीसाठी तो शब्द वापरणे हा अर्थविस्तार आहे. तो मला मान्य आहे, पण सूत्राचा आधार देऊन तो सिद्ध करू नये.

जाता जाता ‘ज्युगुलर’विषयी. ‘जुगुलम’ (गळा) या लॅटिन शब्दाच्या मुळाशी ‘जुगुम’, म्हणजे बैलांच्या मानेवरचे जू, आहे. संस्कृत ‘युग’ आणि आपले ‘जू’ त्याच कुळातले. म्हणून ‘ज्युगुलर’ पाहून कोणी ‘शिरेची खाच’ असे भाषांतर करू नये. त्या नावाच्या मोठ्या शिरा मानेच्या दोन्ही बाजूंना असतात.