मदत हवी आहे: मालक सोडून सगळ्यांना उठवणारा कारचा अलार्म

मंडळी, आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकांच्या जुन्या कारला नंतर बसवून घेतलेला अलार्म आहे. मांजर बॉनेटवर चढली किंवा बाजूने ट्रक गेला की रात्री-अपरात्री तो सुरू होतो. सहा सूर, आळीपाळीने. चौथ्या सुराला समोरच्या बिल्डिंगमधले लाइट लागतात. काकांच्या घरात मात्र अंधार! सकाळी म्हणतात, "आपला अलार्म एकदम शांत हो."

काका भले आहेत, त्यामुळे तक्रार वगैरे नको. अलार्म काढायला ते तयार नाहीत, पण सेटिंगला हात लावायची परवानगी दिली आहे. व्होल्टेज उतरलं तरी अलार्म उगाच वाजू शकतो, म्हणून बॅटरी बदलून झाली. बॉनेटखालचा स्विच साफ केला. गाडी भिंतीकडे लावून पाहिली. मांजरीला ती जागा जास्तच आवडली.

उरला शॉक सेन्सर, म्हणजे गाडीला बसलेला धक्का ओळखून अलार्म वाजवणारा भाग. त्यावर संवेदनशीलता कमी-जास्त करायचा छोटा स्क्रू असतो, पण मॅन्युअल हरवलंय आणि बसवणाऱ्याचा पत्ता नाही. हा सेन्सर डॅशबोर्डखाली साधारण कुठे शोधायचा? आणि मांजरीला माफी, पण काच फुटली तर बोंब, एवढं नेमकं त्या स्क्रूने जमतं का?