आयुष्मान कार्डावर ब्रँडचं औषध: दुकानाला मंजुरी मिळते का?

निपाणीकर: बेळगावात आयुष्मान कार्डावर ऑपरेशन झालेल्या पेशंटची डिस्चार्जची चिठ्ठी आहे. दोन औषधं ब्रँडनावानं लिहिलीत. कार्डावर बिल करता येईल का? नाहीतर त्याच घटकाचा स्वस्त ब्रँड दिला तर?

खानापूर फार्मसी: कार्डावर बिल होत नाही. पूर्वमंजुरी हॉस्पिटल मागतं, तीही पॅकेजसाठी, म्हणजे उपचाराच्या ठरावीक एकत्रित रकमेसाठी. डिस्चार्जनंतरची १५ दिवसांची औषधं त्या पॅकेजातच धरलेली असतात, म्हणून आधी तारीख बघा. मुदत शिल्लक असेल तर पेशंटला हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राकडं (योजनेचा मदतनीस) पाठवा. तुम्ही रोखीनं दिलंत की पुढं त्याचे पैसे अडकतात.

ब्रँड मात्र स्वतःहून बदलू नका. औषध शेड्यूल एचमधलं (डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांची यादी) असेल तर औषध नियमांतला नियम ६५(११ए) आड येतो: लिहिलेल्याऐवजी दुसरं देता येत नाही, घटक तोच असला तरी. डॉक्टरांकडून जेनेरिक, म्हणजे घटकाच्या नावाची नवी चिठ्ठी मागवा. फोनवरचं ‘चालतंय की’ तपासणीत कुणी मानत नाही. नवी चिठ्ठी आली की जनऔषधी केंद्राचीही वाट मोकळी होते.

क्लेम डेस्क: औषध एच१ या अधिक कडक यादीतलं असेल तर रजिस्टर विसरू नका. डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंट, औषध, संख्या. ३ वर्षं जपायचं. आणि सीमाभागातला नेहमीचा घोळ: सीमाभागातल्या ८६५ गावांसाठीची महाराष्ट्राची महात्मा फुले जन आरोग्य योजना वेगळी. कर्नाटकच्या कार्डावर भरती झालेल्याला तिकडं धाडू नका, हेलपाटा होतो.

निपाणीकर: डिस्चार्ज होऊन ९ दिवस झालेत. आरोग्यमित्राकडंच पाठवतो.