घरातल्या उजेडावर वाढवलेली खायची पानं : तुमचे अनुभव लिहा

अंगण नाही, गच्ची नाही, तरी पालेभाजी आणि सुगंधी पानं घरात पिकवणाऱ्यांनी इथे लिहावं. काय लावलं, कशात लावलं, हे सांगाच. पण उजेडाबद्दल जरा सविस्तर लिहा. माझ्या मते घरातली लागवड तिथेच अडते. आपले डोळे कमी उजेडाला चटकन सरावतात, रोपं सरावत नाहीत. भर दुपारच्या उन्हात एक लाख लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपास उजेड असतो. खिडकीपासून लांब, आपल्याला छान उजळ वाटणाऱ्या कोपऱ्यात तो काहीशे लक्सच उरतो. रोप लांबुडकं, फिकट होऊन खिडकीकडे झुकलं की ते उपाशी आहे असं समजावं.

*

माझी कोथिंबीर पूर्णपणे दिव्याखाली आहे. साधे पांढरे एलईडी पुरतात, रोपांसाठी म्हणून मिळणाऱ्या जांभळ्या दिव्यांची गरज नाही. महत्त्वाचं आहे ते अंतर. छोट्या दिव्यापासून अंतर दुप्पट केलं की उजेड जवळपास चौथाईवर येतो, म्हणून दिवा पानांच्या वर वीतभर ठेवते आणि रोपं वाढतील तसा उचलते. चालू-बंद करायला टायमर लावलाय. पण कोथिंबिरीला दिवस फार लांबवू नका. मोठा दिवस आणि उष्णता, दोन्हींनी ती लवकर फुलावर येते आणि मग पानं दोऱ्यासारखी बारीक होतात.

पेरताना धणे हलक्या हाताने रगडून दुभंगायचे. एका धण्यात दोन बिया असतात. एकदम सगळं न पेरता थोड्या थोड्या दिवसांनी नवी कुंडी पेरली की खुडायला कायम काहीतरी असतं.

(2015 साली आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातल्या अंतराळवीरांनी तिथेच एलईडीखाली वाढवलेलं लाल रोमेन लेट्यूस खाल्लं. मला त्या बातमीनेच धीर दिला होता!)

*

आईला वाकवत नाही, म्हणून तिच्यासाठी टेबलावर मायक्रोग्रीन्स, म्हणजे अगदी कोवळी असतानाच कापून खायची रोपं, सुरू केली. मोहरी, मुळा, मेथी. पसरट ट्रे, खाली भोकं, कोकोपीटचा पातळ थर. बीजदलं (बीतून निघणारी पहिली पानं) पूर्ण उघडली की कात्रीने कापायचं. बहुतेक प्रकार एक ते दोन आठवड्यांत तयार होतात. बी मात्र खाण्यासाठीचं किंवा लेप न दिलेलंच घ्या, पेरणीच्या बियांना अनेकदा बुरशीनाशक चोळलेलं असतं.

मुळांभोवती पांढरी लव दिसली तर लगेच ट्रे फेकू नका. मुळ्याची मूलरोमं, म्हणजे मुळांवरचे बारीक केस, अगदी बुरशीसारखी दिसतात. पाणी फवारलं की ती मुळाला चिकटून दिसेनाशी होतात. बुरशीचं जाळं तसंच राहतं आणि कुबट वास येतो.

*

बेसिल असेल तर शेंडा खुडत राहा. पानांच्या जोडीच्या जरा वर खुडलं की तिथून दोन फांद्या फुटतात. नुसती खालची मोठी पानं तोडली तर झाड उंच आणि विरळ होतं.

*

मी लेट्यूस मातीशिवाय लावतो, क्रॅटकी पद्धतीने. डब्यात पोषकद्रव्यांचं पाणी, झाकणाच्या भोकात रोप, पंप नाही, वीज नाही. रोप पाणी पितं तशी पातळी उतरते आणि वरची मुळं दमट हवेत श्वास घेतात. म्हणून डबा पुन्हा काठोकाठ भरायचा नाही, ती मुळं बुडून गुदमरतात. डबा अपारदर्शक हवा, नाहीतर शेवाळ माजतं. पाण्याचा पीएच (आम्लतेचं माप) 5.5 ते 6.5 मध्ये राखतो. आणि लेट्यूसचं बी खोल पुरू नका, रुजायला त्याला उजेड लागतो.

*

मातीवाल्यांसाठी: कुंडीवर बारीक काळी चिलटं उडत असतील तर त्यांच्या अळ्या वरच्या ओल्या थरात असतात. तो थर सुकू द्या, पाणी खालच्या ताटलीतून द्या, उडणाऱ्यांसाठी पिवळे चिकट कागद लावा. मी पुदिन्याला असंच पाणी देते. तो पाण्यात ठेवलेल्या काडीपासूनही मुळं धरतो, पण त्याला स्वतंत्र कुंडी द्या, आडवी पसरणारी खोडं शेजाऱ्याची जागा घेतात.

घरात पालक कोणी मोठ्या पानांपर्यंत नेलाय का? माझा कोवळाच कापावा लागतो. दिव्याचे तास किती ठेवता तेही सांगा.