धन, धनी आणि चाकरी (मत्तय ६:२४)

वेंगुर्ल्याहून :
रविवारच्या उपदेशात बायबलमधलं येशूचं हे वचन होतं. सुरुवातीला ‘कोणीही दोन धन्यांची चाकरी करू शकत नाही’, शेवटी तेच ‘देवाची आणि धनाची’ याबद्दल. धनी-धन ही जोडी मूळ भाषेतही आहे, की मराठीत आपसूक जमली? आणि अर्थ ‘दोन दगडांवर पाय’ एवढाच घ्यायचा का?

वसईहून :
मराठीत जमली. ग्रीकमध्ये धन्याला ‘कुरिओस’ आणि धनाला ‘मामोनास’, दोघांचा काही संबंध नाही. आपल्याकडे धनी म्हणजे आधी धन बाळगणारा, मग मालक, मग बायकांच्या तोंडी नवरा. त्यामुळे मराठी वाचकाला इथे आणखी एक टोचणी लागते : ज्याचे आपण धनी, तेच आपलं धनी होऊन बसतं. अनुवादकाच्या मनात हे होतं की नाही, देव जाणे.

‘मामोनास’ मुळात अरामी, म्हणजे येशूच्या बोलीतला. शुभवर्तमानकारांनी तो न बदलता ठेवला. नव्या करारात चारदाच येतो : एकदा इथे, तीनदा लूकच्या १६व्या अध्यायात. अर्थ साधा, मालमत्ता. काही अभ्यासक त्याचा धातू ‘आमेन’चाच मानतात, म्हणजे ‘ज्यावर भरवसा ठेवला ते’. हे सर्वमान्य नाही, पण मला पटतं. वचनातलं भांडण श्रीमंती-गरिबीचं नाही, भरवसा कुणावर याचं आहे.

‘दोन दगडांवर पाय’ मात्र नको. ती धरसोड झाली. इथलं ग्रीक क्रियापद दास होऊन राबण्याचं आहे. चाकर सकाळी एकाकडे, संध्याकाळी दुसऱ्याकडे जाईल. दासाचा दिवसच त्याचा नसतो. म्हणून ‘चाकरी’ जरा सौम्य वाटते.

मालवणहून :
सौम्य? दादा, कोकणात बसून असं म्हणू नका! चाकरमानी शब्द विसरलात? घर इथे, माड इथे, आईबाप इथे, आणि वर्ष जातं मुंबईतल्या धन्याच्या घड्याळावर. गणपतीला नाहीतर नाताळला यायचं तर आधी रजेचा अर्ज. आमची म्हातारी म्हणायची, “चाकरेक गेलो तो परक्याचो झालो.” दास्य याहून वेगळं काय असतं?

वसईहून :
मान्य. कोकणापुरती ‘चाकरी’ चोख बसते.

वेंगुर्ल्याहून :
मग पैसा जवळ असणंच पाप का? ‘पैसा सर्व पापांचं मूळ’ असं तर सर्रास ऐकतो.

वसईहून :
ते वचन अर्धवट ऐकलेलं आहे, ताई. नव्या करारातल्या १ तीमथ्य या पत्रात, ६:१० मध्ये, शब्द ‘फिलार्गिरिया’, म्हणजे रुप्याची हाव. मूळ म्हटलंय ते लोभाला. त्याच अध्यायात १७व्या ओवीत, चुकलो, वचनात (ओवीबद्ध ख्रिस्तपुराणाची सवय!) धनवानांना सांगितलंय की चंचल धनावर आशा ठेवू नका, देवावर ठेवा. धन टाकून द्या असं तिथे म्हटलेलं नाही. परोपकार करा, दानशूर व्हा, असं पुढे आहे.

मालवणहून :
आणि मत्तय ६:१९ मध्ये साठवलेल्या संपत्तीला लागणारी ‘कसर व जंग’? कसर कपड्यांना लागते. संपत्तीला कशी?

वसईहून :
तेव्हा भारी वस्त्रं ही संपत्तीच होती, पेटीत जपून ठेवायची. ‘जंग’बद्दल मात्र वाद आहे. ग्रीक ‘ब्रोसिस’ म्हणजे नुसतं ‘खाणं’. धातूचा गंज असेल, नाहीतर धान्य पोखरणारी कीड.

मालवणहून :
म्हणजे वाळवी म्हटली तरी चालेल? आमच्याकडे पावसाळ्यात तीच कपाट खाते.

वसईहून :
प्रवचनात बेलाशक म्हणा. छापताना जंगच ठेवा.